गिरजाबाईच्या धुऱ्यावरचे मोह

यंदा माघ सरायच्या आधीच मोहाचा वास आला. मी वडशात नाटकवाल्यांचे कपडे शिवते. मशीनवर एका राणीचा घागरा होता, त्याला जर लावायचं काम चाललं होतं, आणि प्रयोगाला उशीर होतो म्हणून कंपनीचा माणूस समोरच्या स्टुलावर बसून माझा जीव खात होता. तेवढ्यात खिडकीतून तो वास आत आला. माझा पाय मशीनवरच थांबला.

"काय झालं बाई? सुई मोडली का?"

"मोह पडून राह्यला कुठीतरी."

"हॅट! शिमगा तं व्हायचा हाये अजून."

"मले शिकवू नोको," मी म्हटलं. "नाक माझं हाये."

ज्यांना तो वास ठाऊक नाही त्यांना कसा सांगावा? गूळ करपायच्या बेतात आला असावा आणि कोणी त्या कढईवर ओलं गवत झाकावं, तसं काहीतरी. बाहेरची माणसं नाक दाबतात. आमच्या तोंडाला पाणी सुटतं. मागच्या खोलीतून माय ओरडली, "झुरे, तुले येऊन राह्यला का वो?" म्हणजे तिलाही आला होता. तिला आता धड दिसत नाही, ऐकू अर्धंमुर्धं येतं, पण नाक अजून तरण्याताठ्या बाईचं आहे. मी हो म्हटलं, तर ती चाचपडत दारापर्यंत आली. मग म्हणाली, "एवढ्या लवकर कायले आला?" जणू मोह म्हणजे पाहुणा आणि घरात अजून सारवण व्हायचं आहे.

तिचं काही चुकलं नाही. माझ्या लहानपणी सगळ्यांचं ठरलेलं होतं. आधी पळस लाल व्हायचा. मग मोहाची पानं झडायची, झाड अगदी उघडं पडायचं, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लटकायचे. शिमगा व्हायचा. त्यानंतर कधीतरी पहाटेच्या गारव्यात पहिलं फूल टप्पकन पडायचं. आता पळस आणि मोह एकमेकांच्या अंगावर येतात. कधी चैत्रात गारा, कधी फाल्गुनात भादव्यासारखं आभाळ. आम्ही गाव सोडून आलो त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण हल्ली वाटतं, मोसमालाही त्याच्या जागेवरून कोणीतरी हाकललं आहे. तोही आपला गाठोडं घेऊन फिरतो आणि जिथं जागा मिळेल तिथं टेकतो.

आमच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात. एवढंच सांगते की एसटीनं जेवढं आत जाता येतं तेवढं जायचं, मग पायी, मग एक नाला, मग पुन्हा पायी. गावाभोवतीचे मोह घरागणिक वाटलेले होते. कोणाचं झाड कुठलं हे शेंबड्या पोरालाही सांगता यायचं. आमच्या वाट्याच्या एका झाडाला आम्ही बुढी म्हणायचो, कारण तिच्या खोडाला कुबड होतं. ती उशिरा फुलायची, पण एकदा सुरू झाली की थांबायची नाही. मायचा तिच्यावर भारी जीव. पहाटे बांबूची टोपली घेऊन आम्ही निघायचो, तर कधी अस्वल आमच्या आधी येऊन गेलेलं असायचं. माय झाडाखाली उभी राहून त्या अस्वलाला असल्या शिव्या द्यायची की ऐकून मला हसू आवरायचं नाही. "खाल्लं तं खाल्लं, तुडवलं कायले रे मेल्या!"

फुलं पिवळसर, गुबगुबीत, बोटांत धरली की रसानं चिकट होतात. वाळली की मनुकांसारखी तांबडी पडतात. उकडून खायची, भाजून तिळासोबत कुटायची, भाकरीत घालायची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की मायच्या गाडग्यातला मोह निघायचा. उपाशी राहिल्याचं मला आठवत नाही, त्याला कारण ती बुढी.

पण पडलेलं फूल उचलायचं नाही, वास कितीही सुटो, जोवर पंडुम होत नाही. पंडुम म्हणजे सण. आम्हा गोंडांत नवीन काहीही, मोह असो की आंबा, पंडुम केल्याशिवाय तोंडात जात नाही. आणि ते करतो गावाचा गायता, गावच्या मातीचा पुजारी. ज्याच्या पूर्वजानं पहिल्यांदा जंगल तोडून तिथं गाव वसवलं, त्याच्या वंशातला माणूस गायता होतो. आमच्या गावचा गायता माझा बा होता.

बा एरवी अगदीच साधा माणूस. माय त्याला दिवसातून दहादा आळशी म्हणायची आणि तो ऐकून घ्यायचा. पण पंडुमाच्या सकाळी तो वेगळाच दिसायचा. धुऊन कडक सुकवलेलं धोतर नेसायचा, त्यात तडजोड नाही. मातीपुढे तांदूळ ठेवायचा, दारूचे थेंब शिंपडायचा, पुटपुटत काहीतरी बोलायचा. मग पानाच्या द्रोणात नवी फुलं घेऊन सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करायचा आणि एकेकाच्या हातावर फूल ठेवत जायचा. कडेवरच्या लेकराच्या ओठाला लावायचा. सगळ्यांचं झालं की शेवटी स्वतः खायचा. त्यानंतर बायका टोपल्या घेऊन ज्या सुटायच्या, की बापा बापा!

गाव सुटलं ते भांडण आमचं नव्हतं. जंगलातले यायचे आणि भात मागायचे. आम्ही त्यांना आतले म्हणायचो. नाही म्हणायची कोणाची छाती होती? मग खाकीवाले यायचे आणि भात कोणी दिला ते विचारायचे. दोघांच्याही हातात बंदुका, आणि मधे आमची चूल. एका सकाळी बाचा चुलत भाऊ रस्त्यावर मरून पडलेला सापडला. कोणी मारलं हे सगळे कुजबुजत होते आणि कोणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यानंतर बाला दोन्हीकडून बोलावणी येऊ लागली. तो जायचा, आणि परत येईपर्यंत मायचा जीव टांगणीला. शेवटी एके दिवशी तीच म्हणाली, चल. धान निघालं होतं, थंडी होती. आम्ही आणि आणखी चारदोन घरं निघालो. बुढीखालून जाताना माय वर बघितल्याशिवाय गेली नाही. बा मात्र खाली बघत चालत होता.

आरमोरीच्या बाहेर, पाटाच्या पलीकडे आम्ही झोपड्या घातल्या. शेजारी चंद्राबाई होती. ती वैनगंगेकाठची, नवरा मासे धरायचा. नदी त्यांच्या घरात इतक्यांदा शिरली की शेवटी चंद्राबाईनं नवऱ्याला सांगितलं, तुले नदी पायजे तं तू राह्य, मी चालली. दोघंही वर आले. पहिल्याच दिवशी ती आमच्या दारात येऊन बसली, मायला बघितलं, गाठोडी बघितली आणि म्हणाली, "आमाले पान्यानं हाकललं. तुमाले?" मायची मराठी बाजारापुरती. ती म्हणाली, "मानसायनं." चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. "मंग तं तुमचं आमच्याऊन कठीन. पानी उतरते तरी."

ती मला फार आवडायची. घर वाहून गेलेल्या बाईनं रडावं असं लोकांना वाटतं. ही दिवसभर खिदळायची. झोपडीत सगळं सामान छताला टांगून ठेवायची, पिठाचा डबासुद्धा, जिथं पाणी येण्याचा सवालच नव्हता तिथंही. माय तिला हसायची. आणि ती मायला हसायची, कारण आमची तऱ्हा त्याहून न्यारी होती.

झालं असं की वस्तीपलीकडे गिरजाबाईच्या भाताच्या बांध्या होत्या आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाची मोठी झाडं. पहिल्या वर्षी फुलांचा सडा पडला. घरात खायची बोंब होती. पण आमच्या गावच्या बायका रोज पहाटे जाऊन त्या सड्याच्या काठाशी उभ्या राहायच्या आणि तशाच परत यायच्या. पंडुम कुठं झालं होतं? बा होता, पण तो म्हणायचा, "इथली माती माझी नाई. मी तिच्याशी कसा बोलू?" मग कोण बोलणार? कोणीच नाही. बायका वाट बघत राहिल्या. फुलं गुरांनी खाल्ली.

गिरजाबाई विधवा, मुलगा शिकायला बाहेर, म्हणून घरात एकटी, तोंडानं तिखट. ती तणतणत वस्तीत आली. "काऊन वो, माझ्या झाडाले का महारोग झाला? भिकाऱ्यालेही मी नाई म्हनत नाई, अन् तुमी पाहून निंघून जाता!" तिला वाटलं आम्ही तिची फुलं विटाळाची समजतो. माय तिला समजावत होती आणि शब्द सापडत नव्हते, त्यामुळे ते भांडणच वाटत होतं. चंद्राबाई मधे पडली म्हणून निभावलं.

पुढच्या वर्षी पोटानं तोड काढली. बायका म्हणाल्या, आपण हे आपल्यासाठी वेचतच नाही, गिरजाबाईची मजुरी करतो. अर्ध्या वाट्यानं वेचू लागल्या. मग तो अर्धा वाटा घरात आला, तो काय बघत बसायला? लेकरांनी खाल्ला, लेकरांचं उरलेलं आयांनी खाल्लं. माय चुलीकडे तोंड करून खायची. मीही खायची. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. फक्त बा खात नव्हता. मोह नाही, आंबा नाही, नवीन काहीच नाही. आंब्याच्या दिवसांत वस्तीतली पोरं कोयी चोखत फिरायची आणि बा मीठ-भात खायचा. माय चिडायची. "इथी कोन पाहून राह्यलं तुले?" तो म्हणायचा, "मी पाहून राह्यलो न."

घरात तो अर्थात गोंडीत बोलायचा. मी त्याचं बोलणं इथं झाडीबोलीत लिहिते आहे, कारण माझ्याच डोक्यात आता ते तसं ऐकू येतं. हे मला टोचतं, पण आहे ते असं आहे.

मला आठवतो तो मोसम त्यानंतर काही वर्षांनी आला. तेव्हा मी नुकतीच मशीन शिकत होते. त्या वर्षीही मोह यंदासारखाच घाईनं आला आणि त्याच सुमाराला माझा रैनूमामा, मायचा धाकटा भाऊ, गावाहून आला. तो गावातच राहिला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं बाला सांगितलं, "गावात मोह पडून राह्यला. कोनी वेचत नाई."

"काऊन?"

"गायता नाई. तू गेल्यापासून असंच हाये. लेकरं खाते थोडं. बुढे लोक वाट पाहते तुयी."

बा उठून बाहेर गेला. मला वाटलं बिडी ओढायला गेला असेल. परत आला तो एवढंच म्हणाला, "मी येतो तुझ्यासंगं."

मायच्या हातातलं भांडं खाली पडलं. खबऱ्या म्हणून बाच्या नावाची कुजबुज गावात अजून मेली नव्हती. हा माणूस इतकी वर्षं शहराकडे राहिला, कोणाशी बोलला, काय सांगितलं, असं आतले विचारणार. आत कशाला गेला होतास, कोणाला भेटलास, असं खाकीवाले विचारणार. रैनूमामानंच हे सांगितलं, मान खाली घालून. बा म्हणाला, "मी मातीले भेटाले आलो म्हनीन." हे उत्तर दोघांपैकी कोणाला पटलं असतं? बाला ते पटलेलं होतं, हीच तर पंचाईत. माझी पाचावर धारण बसली. आम्हाला कळून चुकलं की गेला तर हा परत यायचा नाही.

माय रडली नाही. वाद घातला नाही. ती उठली, बाचं ठेवणीतलं धोतर, बंडी, होतं नव्हतं ते सगळं घेतलं आणि पाटावर जाऊन पाण्यात बुचकळून आणलं. दोरीवर टाकलं. बानं विचारलं तर म्हणाली, "पंडुमाले धुतलेलं पायजे न? धुतलं." ते खरंच होतं, त्यामुळे त्याला काही बोलता येईना. सुकलं की निघू, असं त्यानं रैनूमामाला सांगितलं.

आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं. फाल्गुनात! उन्हानं जमीन तापायच्या दिवसांत चार हातांवरचं माणूस धूसर दिसेल असं आभाळ. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता कोंदट ओलावा. धोतर सुकेना. दुसऱ्या दिवशीही नाही. बा सकाळ-संध्याकाळ दोरीपाशी जाऊन कापड चाचपून बघायचा, आणि त्याची पाठ वळली की माय तांब्याभर पाणी त्यावर शिंपडायची. मी पाहिलं. रैनूमामानंही पाहिलं आणि तो दुसरीकडे बघू लागला. सगळी वस्ती, सगळं आरमोरी त्या आभाळाला शिव्या घालत होतं, कारण असल्या हवेत मोह वाळत नाही, काळा पडतो, बुरशी येते. एकटी माझी माय हात जोडून आभाळाला म्हणत होती, राह्य बापा, आनखी राह्य.

आजही अवेळी ढग आले की मला नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही. नुकसान कळतं. हरभरा झोपतो, आंब्याचा मोहर गळतो, मला सगळं दिसतं. तरी छातीत कुठंतरी हायसं होतं. लाज वाटते, पण होतं.

तिसऱ्या सकाळी गिरजाबाई धावतपळत आली. तिचे गावातले बाकीचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. झाडांखाली फुलांचा थर आणि पश्चिमेकडून गडगडाट. "चला वो बायायहो, हातातलं टाका! आज नाई वेचलं तं मातीत गेलं!" बायका टोपल्या शोधायला लागल्या. बा दाराशी बसून होता. ती त्याच्यावर घसरली. "अन् तुमी काऊन बसले गा भाऊ? हात मोडले का?"

माय दोरीवरचं धोतर सारखं करू लागली. चंद्राबाईनं तोंड उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. पंडुम, गाव, तिथले वाट बघणारे म्हातारे, दोरीवरचं धोतर. सगळं. गिरजाबाई ऐकत गेली तसा तिचा आवाज खाली आला. टोपली बाजूला ठेवून ती बासमोर उकिडवी बसली.

"मंग इथीच मोह उघडा न तुमी. माझी काई ना नाई."

"माती माझी नाई, बाई." बाच्या मराठीत अहो-जाहो नव्हतंच. "जंगल तोडून ज्यानं पयलं वावर काढलं, माती त्याची. तोच उघडते."

"ते तं माझ्या सासऱ्यानं काढलं. इथी नुसते बांबू होते म्हनत."

"तो कुठी हाये?"

"वर गेला कवाचा. नवराबी गेला."

बा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तं उघडनारी तू हायेस."

गिरजाबाई मागे सरकली. "मी? बापा! मी एकादशीवाली बाई. मले का तुमचे मंतर येते?"

"मंतर नाई लागत. तिले सांगायचं, आमी घेऊन राह्यलो. मंग द्यायचं. पयलं बुढ्यायले, मंग..." तो तिला शिकवू लागला होता. हातवारे करून, द्रोण कसा धरायचा ते दाखवत. कितीतरी वर्षांनी मी त्याला इतकं भराभर बोलताना ऐकत होते. आणि मधेच तो थांबला. हात तसाच हवेत राहिला.

मला तेव्हा कळलं नाही. मायला चाहूल लागली. ती हळूच म्हणाली, "काय झालं?"

"ही देईन तं मले घ्या लागन," बा म्हणाला. "अन् दुसऱ्या मातीचं घेतलं, मंग मी तिथचा गायता नाई राहत."

बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. गडगडाट जवळ आला होता.

"जिता राहशीन," माय म्हणाली.

तिनं ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, जसं जेवायला ये म्हणावं. इतकी वर्षं मी तिला त्याच्यावर ओरडताना पाहिलं होतं, त्या दिवशी ती ओरडली नाही. बा उठला. दोरीपाशी गेला, धोतर चाचपलं, ओलंच होतं. मग रैनूमामाला बाजूला घेऊन बसला आणि दोघं पुष्कळ वेळ बोलत राहिले. शेवटचं तेवढं आमच्या कानावर आलं. "त्याच्या पोराले सांग. माझ्या भावाच्या. रक्त तेच हाये. म्हना, गायत्यानं सांगतलं, तू उघड. माझी वाट नोका पाहू म्हना." रस्त्यावर मेलेल्या त्या चुलत भावाचा मुलगा तेव्हा तरणा होता, गावातच होता. रैनूमामा हो हो करत होता आणि रडत होता. तो लगेच निघाला, पाऊस यायच्या आत नाला ओलांडायला हवा म्हणून.

निरोप पोचला. तिथं मोह उघडला आणि आजही तोच पोरगा, आता पोक्त झालेला, उघडतो. गावात लोक आहेत, थोडे आहेत, पण आहेत. इकडे गिरजाबाई गेली, धुऱ्यावरचं एक झाड उन्हानं वाळलं, आणि उरलेल्या झाडांखाली आता तिची सून देते. आरमोरीच्या शाळेत शिकवणारी, नोकरीवाली बाई. पण आमची वस्ती जमल्याशिवाय फुलाला हात लावत नाही. चंद्राबाई पंक्तीत पहिली उभी राहते, म्हातारी झाली म्हणून हक्कानं. बा त्याच मातीत आहे. त्याला तिथंच पुरलं. तो नसल्यावर माय माझ्याकडे वडशाला आली, पण मोह पडायला लागला की तिला आरमोरीला न्यावंच लागतं. आता न्यायला हवं. राणीचा घागरा झाला की पहिली एसटी. यंदा इतक्या लवकर पडला, आणि सुनेला सुट्टी कधी आहे कोण जाणे.

लोक विचारतात, तुम्ही कसं निभावलं? मला त्याचं उत्तर कधीच नीट देता येत नाही. निभावलं म्हणजे काय केलं? भात रांधला, मशीन शिकले, पिठाचा डबा छताला टांगला. माणूस काय काय मागे टाकतो त्याची यादी सगळ्यांना हवी असते. घेताना काय वाटतं ते कोणी विचारत नाही. ते मी एकदाच पाहिलं, त्या सकाळी.

आम्ही सगळे झाडांखाली जमलो होतो. गिरजाबाई घरी जाऊन लुगडं बदलून आली होती. द्रोण तिला जमला नाही, स्टीलचं ताट आणलं होतं, त्यात कुंकू, अगरबत्ती, फोडलेला नारळ, जे जे तिला देवाचं वाटलं ते सगळं. बानं काही हटकलं नाही. तिनं झाडाच्या बुंध्याला कुंकू लावलं आणि गोंधळून बाकडे बघितलं. तो म्हणाला, "सांग तिले." ती मातीकडे बघून म्हणाली, "माय, हे आमचे लोक हायेत. घेऊन राह्यले." आमचे लोक. असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग तिनं दिलं. आधी चंद्राबाईच्या नवऱ्याला, मग बाकीच्या म्हाताऱ्यांना, बायकांना, मला, पोरांना. मायनं घेतलं आणि ह्या वेळी सगळ्यांसमोर तोंडात टाकलं.

बा शेवटी उभा होता. अंगावर ते ओलं धोतर. गिरजाबाई त्याच्यासमोर आली, तर त्याचा हात वर येईना. जन्मभर त्यानं हात पालथा करून दिलं होतं. उताणा कसा करायचा तेच त्याला सुचत नव्हतं. पहिले थेंब पडायला लागले होते, ताटातली अगरबत्ती विझली होती, पण गिरजाबाई हलली नाही. तिच्यासारखी तोंडाळ बाई, नुसती ताट धरून उभी राहिली.

मग बानं हात उताणा केला. तिनं फूल ठेवलं. त्यानं ते तोंडात टाकलं आणि चावत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"कसं हाये गा भाऊ?" गिरजाबाईनं विचारलं.

"पानचट," बा म्हणाला. "आमच्या बुढीचं याच्याऊन गोड."

आणि त्यानं हात पुन्हा पुढे केला.